हौदावरचा शेंदूर

पाण्याची काळजी करून करून घरच्या माणसाला आजारी पाडणारा इसम मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा निघाला. कोळवणात एसटी दिवसातून एकदाच यायची तेव्हाची ही गोष्ट. आतोबांना विहिरीचं पाणी चालत नसे, त्यात बेडूक. नदीचं तर नावच नको, तिच्यात वरच्या गावाची म्हसरं डुंबतात. खरं पाणी म्हणजे आभाळातलं. म्हणून घराच्या पत्र्याला पन्हळ लावून त्यांनी खाली दगडी हौद बांधला. मी सुट्टीला गेलो की 'बस' म्हणायच्या आधी तांब्या पुढे यायचा. "पी, ढगातलं हाय." पिऊन कसं लागलं तेही सांगावं लागे, आणि 'पाण्यासारखं' हे उत्तर त्यांना खपत नसे.

पण हौदात म्हशी तोंड घालायच्या, बाया धुणी बुचकळायच्या. आतोबांनी काट्या लावल्या, अर्ध्या आळीशी अबोला धरला. शेवटी ओढ्यातला एक गोल धोंडा आणून त्यांनी तो बरोबर पन्हळीच्या धारेखाली बसवला आणि त्याला शेंदूर फासला. दुसऱ्या दिवसापासून धुणी बंद, म्हशीही लोक लांबूनच हाकायला लागले. आता दर शनिवारी जो तो तेल-शेंदूर घेऊन हजर. नारळाएवढा धोंडा दोन वर्षांत कलिंगडाएवढा झाला. पत्र्याचं पाणी त्याच्यावरून हौदात आणि तिथून पोटात.

"आतोबा, शेंदूर पोटात गेला की माणसाचा गळा बसतो म्हणतात," मी म्हणालो.

"मग तू गाऊ नगंस."

त्यांच्यापेक्षा त्या धोंड्याशी बोललेलं परवडलं असतं.

पुढे आत्याच्या पोटात कळा येऊ लागल्या. अन्न जाईना, हातातून भांडी निसटायला लागली. यावर आतोबांचा उपाय काय, तर हौदाचं पाणी दुप्पट पाजायचं. माझं डोकंच फिरलं. आत्याला बैलगाडीत घालून मी पौडला डॉक्टरांकडे नेलं. आतोबा तांब्या घेऊन मागून चालत आले. डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा मी धोंड्याचं सांगितलं.

"शेंदूर म्हणजे शिसं," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही यांना रोज थोडं थोडं शिसं पाजताय."

आतोबांनी बाहेर जाऊन तांब्या ओतून दिला. 

घरी येताच त्यांनी हौद उपसला, तळ घासला, धोंडा काढून सगळ्या शेंदरासकट लांब पुरून टाकला. आळी त्यांच्यावर तुटून पडली, देवाला उठवलं म्हणून. आत्याच्या कळा दिवाळीच्या सुमारास थांबल्या, पण हातात पहिली पकड काही आली नाही.

देव उठला तशा म्हशी परत आल्या. मग आतोबाच काठी घेऊन, डोक्यावर इरलं ओढून दिवसभर हौदापाशी बसायला लागले.

"आता तरी आत या की," मी वैतागून म्हटलं.

"त्याला उठवला न्हवं मी. मग हितं कोन बसनार?"

आत्याला तहान लागली की ते आधी स्वतः एक घोट घेत, जरा वेळ थांबत, मग दोन्ही हातांनी तांब्या धरून तिला पाजत. कसं लागलं, ते मात्र त्यांनी पुन्हा कुणाला विचारलं नाही.