बांधापलीकडचा खालचा सूर

आमच्या दाजींइतक्या देशांची गाणी तोंडपाठ असलेला माणूस उभ्या अकोले तालुक्यात दुसरा सापडायचा नाही, आणि प्रवास म्हणाल तर दाजी संगमनेरच्या पलीकडे फारसे गेलेले नाहीत. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. घर राजूरजवळ. जन्मभर जनावरांच्या दवाखान्यात नोकरी केली, निवृत्त झाले, मुलीने हातात मोबाईल दिला आणि तिथेच सगळा घात झाला. भातावरच्या रोगाचा व्हिडिओ शोधता शोधता ते बल्गेरियातल्या बायकांच्या कापणीच्या गाण्यावर जाऊन पडले. दोन बायका, दोन निराळे सूर, एकमेकींना अगदी घासून चाललेले, आणि तरी कुणी कुणाला सोडत नाही. दाजींनी ते गाणं त्या दिवशी इतक्यांदा ऐकलं, की ताईने शेवटी मोबाईल उचलून पिठाच्या डब्यात ठेवला.

तेव्हापासून त्यांची माणसं ओळखायची रीतच बदलली. कुणी "रामराम" म्हटलं की हे मान कलती करून त्याच्या सुराचा निकाल देणार, "वरचा" किंवा "मधला". बाजारात मेथीची जुडी हातात धरून भाजीवालीला "मावशी, जरा आ करून सूर धरा बरं" म्हणणारं गिऱ्हाईक त्या बाईने कधी पाहिलेलं नव्हतं. तिने आधी पदर खोचला, मग दाजींच्या सात पिढ्यांची चौकशी केली. शिव्या संपल्यावर दाजी म्हणाले, "वरचा. येक नंबर वरचा." पुढच्या महिन्यात ती बाई दाजींनी जमवलेल्या गायनमंडळात झुलू भाषेत गात होती. माझ्या मुलीला स्थळ आलं तेव्हा मी मोठ्या आशेने दाजींना मुलगा दाखवायला नेलं. परतताना म्हणाले, "शिक्षन-बिक्षन ऱ्हाऊ द्या. पोरगा मधला हाय, घर धरून ऱ्हाईल." मी कपाळाला हात लावला. लग्न मात्र त्याच्याशीच झालं.

त्यांच्या गायनमंडळाची तालीम भातगिरणीत चाले. वीज गेली की गिरणी बंद, आणि गिरणी बंद झाली की गाणं सुरू. वीज गेल्यावर आनंदाने टाळ्या पिटणारी माणसं मी फक्त तिथेच पाहिली. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर दाजींनी फिनलंडची, न्यूझीलंडच्या माओरींची, कुठकुठली गाणी देवनागरीत उतरवून भिंतीला लावलेली. उच्चार जमायचे, सूरही जमायचे. अडायचं एकाच ठिकाणी. सगळे भजनात वाढलेले. पुढच्याने म्हणायचं आणि मागच्यांनी तेच उचलायचं, हे अंगात मुरलेलं. त्यामुळे तीन जणांना तीन चाली वाटून दिल्या की दुसऱ्या ओळीला सगळे गुपचूप एकाच चालीवर येऊन बसत. दाजी डोकं धरत. "आरं, त्याची त्याला गाऊ द्या, तुमी तुमची गा!" भाजीवाली म्हणायची, "आसं येगळं येगळं गायचं म्हंजे भांडल्यावानी वाटतं, दाजी." दाजी म्हणायचे, "भांडान न्हाई ते. येगळं ऱ्हाऊन संगं ऱ्हायाचं." हे वाक्य दाजींनी बोलावं आणि ताईने ऐकून घ्यावं, यातली गंमत मला जरा उशिरा कळली.

झालं असं, की दाजींना जॉर्जिया नावाच्या देशातलं एक गाणं सापडलं. डोंगरातल्या माणसांचं. वरचे दोन सूर झाडावर चढल्यासारखे फिरतात, आणि खाली एक माणूस एकच सूर धरून उभा राहतो, जागचा हलत नाही. तो नसेल तर गाण्याला जमीनच नाही. आता असा आवाज आणायचा कुठून? शाळेतले गुरुजी झाले, टेम्पोवाला झाला. टेम्पोवाला दोन ओळींत वर चढून बसायचा. शेवटी भाकरी थापता थापता ताई म्हणाली, "खालचा सूर बांधापलीकडं हाय. सगळ्या गावाला म्हाईत हाय. तुमालाच तेवढं ऐकू येत न्हाई."

बांधापलीकडे आबा. दाजींचे सख्खे चुलतभाऊ, बरोबरीचे, एका ताटात जेवून वाढलेले. बांधावरचं हिरड्याचं झाड कुणाचं, यावरून दोघांचं बोलणं तुटलेलं. मोजणी झाली, तारखा झाल्या, पुढे झाडही वाळलं, पण बोलणं काही सुरू झालं नाही. आबांनी बैलांना हाळी दिली की आमच्या ताईच्या मांडणीतली भांडी थरथरत, असा तो आवाज.

दाजी दोन महिने तोंड फुगवून होते. मग एक दिवस ताईच आबांकडे गेली. मी तिला विचारलं, तुला एवढा कसला उत्साह? ती म्हणाली, "मला त्या जॉर्जिया-बिर्जियाचं काय करायचंय रे? दोघांपैकी येक जायच्या आधी दोघं येकदा बोललं म्हंजे मी सुटले."

आबा आले. अट घालूनच आले. "गाईन. बोलनार न्हाई." पोत्यांच्या थप्पीला टेकून, दाजींकडे पाठ करून बसले आणि सूर लावला. बाकीचे गायचेच विसरले. मी त्या दिवशी तिथे होतो. दाजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला, आणि भिंतीकडे बघत ताईला म्हणाले, "त्यांना सांग, श्वास चोरून घ्या म्हनावं." आबा तितक्याच मोठ्याने ताईला म्हणाले, "त्यांना सांग, मला शिकवू नगा म्हनावं." मध्ये चार हातांचंही अंतर नव्हतं. असं वर्षभर चाललं. गाणं असं बसलं, की गिरणीवाला वीज आली तरी चक्की चालू करीना. आणि हे दोन म्हातारे काही बोलेनात. ताई रागाने म्हणायची, "जॉर्जियाचं जमतंय, शेजारचं न्हाई जमत."

मग आबांचे गुडघे गेले. मुलगा चाकणला कंपनीत. तो येऊन त्यांना घेऊन गेला. जाताना आबा दाजींच्या दारावरून गेले, दाजी आत बसून राहिले. ताई त्या दिवशी जेवली नाही. मला फोनवर म्हणाली, "संपलं रे सगळं."

पण दाजींना गाणं सोडवेना. पुढच्या तालमीला त्यांनी ताईकडून चाकणला फोन लावून घेतला आणि मोबाईल पोत्यावर ठेवला. पलीकडून आबांनी सूर धरला. आमच्याकडे डोंगरात रेंजची तऱ्हा तुम्हाला ठाऊकच असेल. आबा दर ओळीला सूर नव्याने धरायचे, तो इथे दोन क्षण उशिरा पोचायचा, आणि वरचे सगळे कोलमडायचे. उशीर म्हटला की अंगावर येणारे आमचे दाजी. मला वाटलं, आता मोबाईल फेकतात. पण त्यांनी हात वर धरला आणि सगळ्यांना थांबवून ठेवलं. आबांचा सूर आला, तेव्हा हात खाली घेतला. पुढच्या ओळीला तेच. भाजीवाली, टेम्पोवाला, ताई, सगळे श्वास धरून चाकणच्या सुराची वाट बघत होते. गाणं पार लांबलं. इतकं चांगलं मी ते कधी ऐकलं नव्हतं.

गाणं संपलं. ताई फोन कापायला वाकली. दाजींनी तिचा हात बाजूला केला, मोबाईल तोंडापाशी नेला आणि म्हणाले, "आब्या, जेवला का रं?"

पलीकडून काहीच येईना. रेंजमुळे की कशामुळे, देव जाणे.

मग आवाज आला, "न्हाई आजून. तू?"

ताईने पदर तोंडाला लावला, ती तशीच पोत्यावर बसली. दाजी सावकाश "न्हाई" म्हणाले, आणि मोबाईल कानाला लावून एकटेच बाहेर गेले.