टाकीच्या पलीकडचा अँटेना

पप्पांनी ऑपरेशनला नाही म्हटलं तेव्हा मी डॉक्टरांसमोरच ओरडले. कॅन्सर आहे, स्वरयंत्र काढावं लागेल, उशीर करू नका, असं परळच्या हॉस्पिटलातल्या त्या खोलीत त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. आणि हा माणूस खुर्चीवरून उठून म्हणतो, "घसा बसलाय थोडा. आवाज ठणठणीत आहे माझा."

पप्पा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, पण त्यांचा सगळा जीव हॅम रेडिओत, म्हणजे हौसेने बिनतारी संचावर जगभर बोलण्यात. परवान्यासोबत मिळालेला कॉलसाइन, म्हणजे हवेतली स्वतःची ओळख, ते स्वतःच्या नावापेक्षा जपतात. मलाही त्यांनीच शिकवून परीक्षेला बसवलं. लालबागच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून आम्ही दोघं डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहावर बोलायचो. एका अँटेनाने आवाज वर पाठवायचा, दुसऱ्याने खाली येणारा ऐकायचा. केरळचा, श्रीलंकेचा कोणीतरी उत्तर द्यायचा, म्हणजे आवाज पोचत होता. पण तोच आवाज आपल्यालाही वरून परत ऐकू यायला हवा, तो पप्पांना कधी आला नव्हता. त्यांनी बटण दाबलं की आमचा रिसीव्हर ठार बहिरा. आमच्या पाठवण्याच्या फ्रिक्वेन्सीची तिप्पट केली की नेमकी ऐकण्याची फ्रिक्वेन्सी येते, त्यामुळे आमच्याच सिग्नलचा कचरा आमच्याच कानात शिरायचा.

"एकदा माझा आवाज वरून परत आलेला ऐकव," घरी आल्यावर पप्पा म्हणाले, "मग बघू ऑपरेशनचं."

अट घालतात! जिवाशी खेळ चाललाय आणि हे अट घालतात. चिडचिड करतच मी कामाला लागले. दोन्ही अँटेना एकाच काठीवर होते. त्यातला एक उभा, एक आडवा केला. थोडा फरक पडला. सेट आणि पाठवणारा अँटेना यांच्या मध्ये फिल्टरची डबी बसवली, तिप्पट होऊन निघणारं तिथेच अडावं म्हणून. आणखी थोडा. शेवटी दोघांची फारकतच केली: पप्पा माइक घेऊन गच्चीच्या एका टोकाला, मी रिसीव्हर आणि रेकॉर्डिंगला लॅपटॉप घेऊन पाण्याच्या सिमेंटच्या टाकीपलीकडे.

रविवारी सकाळी उपग्रह वर आला. खालच्या मसाल्याच्या गल्लीतून मिरच्यांचा ठसका गच्चीपर्यंत येत होता. पप्पांनी बटण दाबलं आणि रिसीव्हर बहिरा झाला नाही! मी आनंदाने हात वर केला, तो तसाच राहिला. हेडफोनमध्ये पप्पांचा चेहरा नव्हता, त्यांचे हातवारे नव्हते. नुसता आवाज होता, किसणीवर सुकं खोबरं घासल्यासारखा. मी रोज त्यांच्याशी बोलत होते. इतका बिघडलाय, हे मला कसं ऐकू आलं नाही?

दहा मिनिटांत उपग्रह गेला. पप्पा जवळजवळ धावत आले.

"आला? लाव, लाव."

रेकॉर्डच झालं नाही असं सांगावंसं वाटलं. पण लॅपटॉप उघडा होता. लावलं.

आधी केरळवाला बोलला. मग तो खरखरीत आवाज आला आणि त्याने पप्पांचा कॉलसाइन सांगितला. पप्पांच्या कपाळावर आठी पडली.

"हा कोण गं? माझा कॉलसाइन घेऊन बोलतोय!" त्यांनी खिशातलं पेन काढलं. "वेळ सांग मला. तक्रार करतो याची. इतक्या वर्षांत कुणाची हिंमत झाली नव्हती."

लॅपटॉपमधला आवाज पुढे म्हणाला, "लालबागहून सगळ्यांना जय भीम."

त्या उपग्रहावर असं म्हणणारा दुसरा कोणी आम्हाला कधी भेटला नव्हता. पप्पांचं पेन कागदावर टेकलेलं तिथेच थांबलं. इतका घाबरलेला चेहरा मी त्यांचा डॉक्टरांसमोरही पाहिला नव्हता.

"केव्हापासून?" त्यांनी विचारलं.

"जयंतीच्या आधीपासून."

"जयंतीला मी खाली भाषण केलं. अर्धा तास."

"हो."

"असल्या आवाजात? मग करू कशाला दिलंत मला?"

आई, भाऊ, मी, सगळे त्यांचं अर्धं वाक्य ऐकूनच उत्तर द्यायला शिकलो होतो. ते घाबरतील म्हणून आम्ही बोललो नाही. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. शेवटपर्यंत ऐकलं, पेन खिशात ठेवलं आणि वायर गुंडाळायला घेतली.

"उद्या सकाळी जाऊ. सही करतो," ते म्हणाले. "आणि हे पुसून टाक."

मी हो म्हटलं. पुसलं नाही.