तिसऱ्या ओळीतला सूर

पप्पा रविवारी सकाळी गेले. त्या दिवशी इंदापूरच्या चर्चमध्ये मंडळी पेटीवाचून गायली.

ही दोन वाक्यं लिहून मी वही मिटली ती बरेच दिवस उघडली नाही. मला भराभर लिहिता येत नाही. आज सांगायचं आहे ते पप्पांच्या जाण्याचं नाही. त्यानंतर वर्षाच्या आत आलेल्या एका रविवारचं आहे, आणि तो आठवला की अजूनही माझ्या तळहातांना घाम येतो. आनंदानंच.

आमच्या चर्चमध्ये एक पायपेटी आहे. भजनात असते तसलीच पेटी, पण कपाटाएवढी. खाली दोन पावट्या असतात, त्या आळीपाळीनं दाबल्या की भाता भरतो आणि वाजवायला दोन्ही हात मोकळे राहतात. ती बोटीनं आली, मग रेल्वेनं, आणि शेवटी बैलगाडीतून, असं पप्पा सांगायचे. पप्पा शाळामास्तर. तरुणपणी त्यांनी ती वाजवायला घेतली आणि शेवटच्या आजारापर्यंत सोडली नाही. लहानपणी मी शेजारी स्टुलावर बसून त्यांच्या वहीची पानं उलटायची. सगळी गीतं त्यांनी सरगममध्ये उतरवून घेतली होती, फळ्यावर लिहिल्यासारख्या सरळ अक्षरात.

मी सातवीत असताना पेटीची एक पट्टी मुकी झाली. प्रत्येक पट्टीखाली पितळेची एक बारीक जीभ असते. तिला सूर म्हणतात. हवा लागली की ती थरथरते आणि वाजते. तो सूर तुटला. पप्पांनी पुण्याहून दोनदा नवा आणला, दोन्ही वेळा तो खाचेत बसला नाही. बाकीच्या गीतांत ती पट्टी ओझरती लागायची, चालून जायचं. पण भक्तीच्या सुरुवातीला दर रविवारी आम्ही जे गीत म्हणतो त्याच्या तिसऱ्या ओळीत चाल पायरी पायरीनं वर जाते आणि नेमकी त्याच सुरावर टेकते. पप्पांनी ते गीत खालून घेऊन पाहिलं, तर बायकांचे आवाज बसले. वरून घेतलं, तर पुरुषांचे फाटले. शेवटी त्यांनी त्या जागी थांबायला सुरुवात केली. वर चढायचं, एक मात्रा गप्प राहायचं, आणि मग खाली उतरायचं. पेटी थांबली की मंडळीही थांबायची.

तीस-पस्तीस वर्षांत ते थांबणं आमचंच होऊन गेलं. शेळगावचे एक आबा आमच्याकडे गीत उचलतात, म्हणजे पहिली ओळ एकटे म्हणतात आणि मग बाकीचे धरतात. ऊस आणि गाणं, बाकी कशात त्यांचं लक्ष नाही. तरुण पोरापोरींना ते शिकवायचे, "हितं थांबायचं. दम घ्यायला न्हाय, देवाला मान द्यायला." नवे पाळकसाहेब आले तेव्हा त्यांनी पहिल्याच वर्षी त्या एका मात्रेवर अख्खा उपदेश केला. माणसाचे शब्द जिथं संपतात तिथं प्रार्थना सुरू होते, असं काहीतरी. पप्पा पेटीशी मान खाली घालून बसले होते. घरी येताना मी म्हटलं, "पप्पा, सांगा की त्यांना." ते म्हणाले, "आता काय सांगू? किती छान बोलला पोरगा."

मी बारामतीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. पप्पा गेल्यावर दर शनिवारी दुपारच्या एसटीनं इंदापूरला जायचं, घर झाडायचं, आणि चर्चची किल्ली घेऊन पेटीवरची धूळ पुसायची, असा माझा क्रम झाला. धूळ पुसायला पाच मिनिटं लागतात. उरलेला तासभर मी दार लावून वाजवायची. पप्पांची वही समोर, पाय पावट्यांवर. हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक होऊ नये अशीच माझी इच्छा होती. ग्रंथालयात मोठ्यानं बोलणाऱ्यांना गप्प करत आयुष्य गेलेलं. चारचौघांत आवाज करायची मला सवयच नाही.

एका शनिवारी पाळकसाहेब दारात उभे. मी घाईघाईनं फडकं उचललं.

"सलाम ताई. बरं झालं भेटलात. पेटीला यंदा शंभर वर्षं होताहेत. मागच्या फळीवर पेन्सिलीनं साल लिहिलंय, मास्तरांनी मला दाखवलं होतं. पंचांनी ठरवलंय, वादनाचा मोठा कार्यक्रम करायचा. पुण्याहून एक सर येणार आहेत, ते पेटी दुरुस्तही करतात आणि वाजवतातही."

"छानच," मी म्हटलं.

"आणि त्यानंतर," त्यांनी चष्मा पुसायला काढला, "पेटी मागच्या खोलीत ठेवायची. झाकून, नीट, मानानं. वाजवणारं कुणी नाही ना. रविवारी मोबाइलवर चाल लावायची आणि स्पीकरवर गायचं. पंचांचा नाइलाज आहे, ताई."

मागच्या खोलीत फाटक्या सतरंज्या असतात आणि उंदीर असतात. मी "नको" म्हणायला तोंड उघडलं. पण "मग कोण वाजवणार?" हा पुढचा प्रश्न मला दिसत होता. मी "बरं" म्हणाले.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी रजा टाकली आणि पहिली एसटी धरली. सणसरच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी अर्धा तास रांगत होती आणि मी सीटच्या दांडीवर नकळत त्या गीताची बोटं चालवत होते. चर्चमध्ये पोचले तर पुण्याच्या सरांनी पेटीची पाठ उघडून ठेवलेली. हाफ शर्ट, खिशात टॉर्च.

"मास्तरांच्या कन्या का तुम्ही? या, या. अहो, काय एकेक करून ठेवलंय तुमच्या वडिलांनी! हे बघा, सायकलच्या ट्यूबचं ठिगळ. आणि हे काय आहे सांगा."

त्यांनी टॉर्च मारला. भात्याच्या कातड्यावर जाड कापड चिकटवलं होतं, फिकट पिवळं आणि हिरवं.

"शाळेतला नकाशा," मी म्हटलं. "जुना झाला म्हणून काढून टाकलेला."

"तरीच. भात्यावर आफ्रिका आहे अख्खी." ते हसले. "काढत नाही. हवा झकास धरलीय आफ्रिकेनं."

मलाही हसू आलं. पप्पांबद्दल बोलताना कुणी हसल्याला किती महिने झाले होते.

मग त्यांनी डबीतून एक पितळी सूर काढला, कानसला, फुंकर मारली, खाचेत बसवला, पुन्हा काढला, पुन्हा कानसला. दुपार झाली तेव्हा म्हणाले, "या, दाबा तुम्हीच."

मी बसले. पावट्या मारल्या आणि ती पट्टी दाबली. सूर लागला. भरदार, थोडा खरखरीत, चर्चच्या पत्र्यापर्यंत गेला. लहानपणी ऐकलेला हा सूर मी विसरूनच गेले होते. मी पुन्हा दाबला. सात-आठ वेळा दाबला असेन. सर म्हणाले, "तुटेल हो ताई परत!" मी इतकी हरखले होते की उद्याच्या गीताची तिसरी ओळ माझ्या डोक्यातसुद्धा आली नाही. तिथल्या थांबण्याचं कारण ठाऊक असलेलं जिवंत माणूस तेव्हा एकच होतं, मी, आणि मी घरी जाऊन आनंदानं झोपले.

रविवारी चर्च भरून माणसं व्हरांड्यात आली. बारामतीहून, सोमेश्वरनगरहून, पुण्याला नोकरीला गेलेल्या घरांतून. पेटीला झेंडूची माळ. ज्यांना कधी पेटीकडं वळून बघावंसं वाटलं नव्हतं तेही तिच्याजवळ उभं राहून फोटो काढत होते. मी शेवटच्या बाकावर.

सरांनी सुरुवातीला एकट्यानं वाजवलं. आधी अगदी हळू, एका हातानं, मग दुसरा हात खालच्या सुरांवर आला आणि बाकाचा कंप माझ्या पाठीला जाणवू लागला. खिडकीची एक सैल काच बारीक किणकिणायला लागली. माझ्या शेजारच्या मावशी कुजबुजल्या, "अगं बया, ही आपलीच पेटी का?" पप्पांना ती अशी वाजलेली ऐकायला मिळायला हवी होती, असं वाटलं, पण तेवढ्यात चाल अशी वर उसळली की रडायला सवडच मिळाली नाही. संपल्यावर टाळ्या थांबेनात.

मग पाळकसाहेब उठले, "आता सगळ्यांनी उभं राहून आपलं गीत."

आबांनी उचललं. पेटीनं धरलं. दोनशे माणसं गायला लागली आणि तिसऱ्या ओळीत चढत चढत गेली, आणि तेव्हा कुठं मला आठवलं.

सगळी मंडळी थांबली. सगळ्यांच्या मधोमध तो नवा सूर एकटाच मोठ्यानं वाजला. कुणीतरी दचकून "अरे!" म्हणालं. सरांचे हात थांबले.

"माफ करा," सर म्हणाले. "पुन्हा घेऊ."

पुन्हा तेच. या वेळी तरुण मुलींच्या बाकावर खसखस पिकली.

"सर," आबा पुढं झाले, "तितं थांबायचं असतंय."

"पण आबा, पुस्तकात तिथं सूर आहे. हा बघा."

"असंल. पुस्तक पुण्यात छापलंय. आमी हितं गातो."

आता सगळेच हसले. सर नाहीत. त्यांना वाटलं ते चुकले, आणि परक्या गावात आपलं हसं झालं. त्यांनी झाकण खाली घ्यायला हात घातला. पंचांपैकी एकजण पाळकसाहेबांना म्हणाले, "स्पीकर आणलाय नं? लावून टाका."

मी उभी राहिले. कशी ते मला सांगता येणार नाही.

"सर चुकले नाहीत," मी म्हटलं. आवाज आला नाही म्हणून पुन्हा म्हटलं. "चूक पेटीची होती. ती पट्टी मुकी होती. मी सातवीत असल्यापासून. पप्पा थांबायचे कारण तिथं वाजायलाच काही नव्हतं. काल सरांनी सूर बसवला आणि मी... मी सांगायला विसरले."

मी पाळकसाहेबांकडं बघायचं टाळलं.

आबा सावकाश म्हणाले, "म्हंजी देवाला मान न्हाय व्हय तो?"

"नाही आबा."

"तीस वरीस मी पोरांचं कान पिळलं त्यापायी." ते पेटीकडं बघत राहिले. "मास्तरा, मास्तरा. शेजारी बसून चहा प्यायचास की रं. एक अक्षर बोलला न्हाईस."

आणि ते हसायला लागले, पोट धरून. मग हसण्याला काही धरबंधच राहिला नाही. पाळकसाहेबांचे कान लाल झाले होते. "माझा उपदेश..." ते म्हणाले आणि तेही खांदे हलवत हसू लागले. पप्पा गेल्यापासून त्या चर्चमध्ये त्यांचं नाव निघालं की माना खाली जायच्या. त्या दिवशी त्यांना सगळ्यांनी मिळून मनसोक्त शिव्या घातल्या.

सरांनी झाकण सोडलं. माझ्याकडं बघत म्हणाले, "काल पावट्या मारत होतात ते नवशिक्याचे पाय नव्हते, ताई. तुमचं गीत तुम्हीच वाजवा."

"मला येत नाही."

"मग शनिवारी आत कोण वाजवतं?" मावशी एकदम म्हणाल्या. "आमचं घर चर्चच्या भिंतीला लागून आहे, माहीत नाही का तुला?"

मी पुढं गेले. घाईत पहिले दोन सूर एकदम दाबले गेले. आबांनी थांबून माझ्यासाठी पुन्हा उचललं. तिसऱ्या ओळीत मी काय केलं ते नीट आठवत नाही. अर्ध्या लोकांनी नवा सूर गायला, अर्ध्यांनी दम घेतला, आणि ओळ कशीबशी खाली आली. गीत मात्र शेवटपर्यंत गेलं. पाचवं कडवं संपेस्तोवर माझे पाय भरून आले होते आणि मला आणखी वाजवायचं होतं.

स्पीकरचा खोका न उघडता परत गेला. पंचांची बैठक झाली नाही, तशी गरजच कुणाला वाटली नाही. तिसऱ्या ओळीत अजूनही काही म्हातारी माणसं थांबतात. त्यांना कुणी काही म्हणत नाही.

पेटी होती तिथंच आहे. रविवारी मी बारामतीहून जाते आणि वाजवते. मला अकरा गीतं येतात.