दोघा व्याह्यांचा एकच त्रास

माझ्या मुलाचं जावळ सावद्याला, माझ्या सासरी होतं. वडील साक्रीहून आले होते. ते आणि सासरे, दोघंही साठी ओलांडलेले, एकमेकांशी फार अदबीनं वागायचे. त्या दिवशी मात्र दोघंही सारखे बैठकीतून उठत होते. मुलगा मामाच्या मांडीवर रडून गोंधळ घालतोय आणि दोन्ही आजोबा गायब! मी शोधत मागच्या अंगणात गेले, तर मोरीचं दार आतून बंद आणि बाहेर वडील तांब्या घेऊन उभे.

सासरे बाहेर आले. दोघं एकमेकांकडे बघतच राहिले.

वडील हळूच म्हणाले, "व्याहीबुवा, तुमलेबी तोच तरास शे का? घडीघडी जानं पडस, अन् धार काही लागत नही?"

"हो ना! मले वाटलं, मीच एकटा हाये!" सासरे एवढ्या मोठ्यानं बोलले की बायका दारात आल्या.

वय झालं, चालायचंच, असं धरून दोघंही गप्प बसले होते. आता त्यांना दम निघेना. दुसऱ्याच दिवशी माझे यजमान आणि मी त्यांना जळगावला घेऊन गेलो. जत्रेला निघाल्यासारखे दोघं पुढे, आम्ही मागे.

लघवी, रक्त, सोनोग्राफी, सगळं झालं. डॉक्टर सासऱ्यांना म्हणाले, "तुमची प्रोस्टेटची ग्रंथी वाढून लघवीची वाट दाबतेय. ऑपरेशन करू." मग वडिलांकडे वळले. "तुमचीही वाढलीय, पण त्रास बळावला तो जंतूंमुळे. आधी औषधं घ्या."

"दोघांले तरास एकच ना?" वडिलांना पटेना.

"लक्षणं एक, कारणं वेगळी. एकाच माणसात दोन कारणंही असतात. तुमच्यात आहेत."

एकमेकांच्या गोळ्या खायच्या नाहीत, अशी तंबीही मिळाली. तसा बेत होताच त्यांचा!

ऑपरेशन झालं. नळी काढली त्या सकाळी सासरे संडासात गेले. आम्ही बाहेर श्वास रोखून उभे. ज्यांच्यासमोर मी कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, ते आतून ओरडले, "पोरी, लागली! धार लागली!"

वडिलांनी टाळ्याच वाजवल्या. मीही वाजवल्या. काढलेल्या भागाचा रिपोर्टही चांगला आला, कॅन्सर नव्हता. वडिलांचं घडीघडी उठणंही औषधांनी कमी झालं.

मग दोघांना कोण आवरणार? पुढे बोदवडला एका लग्नात, भर पंगतीत, वडिलांनी नवरदेवाच्या आजोबांना गाठलं.

"आबा, रातले किती येळा उठतस?"

आजोबांचा घास हातातच राहिला. सासरे लगेच पान उचलून त्यांच्या शेजारी जाऊन बसले.