टाक काळे पडतात तेव्हा

समुद्राच्या तळाचा चिखल तपासणं हा माझा धंदा आहे. रिठदमध्ये, माझ्या गावात, हे कुणाला सांगायची सोय नाही. एवढं शिकून पोरगी समुद्रात जाऊन चिखल काढते म्हटल्यावर शेजारच्या काकूंनी तोंडावरच विचारलं होतं, "चिखल तं घरी कमी होता का वं?" मला तेव्हा राग आला होता. आता आठवलं की हसूही येत नाही आणि रागही येत नाही.

त्या चिखलाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं. समुद्राच्या तळाशी काही ठिकाणी खालच्या थरांतून मिथेन झिरपत वर येतो. आपल्या गोबर गॅसच्या शेगडीत जळतो तोच. वरून समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट चिखलात उतरत असतं. दोघांची गाठ पडते तिथे डोळ्यांना न दिसणारे जीव ठाण मांडून बसलेले असतात. ते दोन्ही संपवतात आणि त्यांच्यामागे चुनखडीचा दगड उरतो, आणि उरतो हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू. तिथे सूर्य पोचत नाही, तरी त्या विषाच्या आधारावर शिंपल्यांची आणि किड्यांची वस्तीच्या वस्ती जगते. पहिल्यांदा कॅमेऱ्यातून ती वस्ती पाहिली तेव्हा बाकीचे टाळ्या वाजवत होते. मला भीती वाटली. हे सगळं आपल्याशिवाय मजेत चाललंय आणि आपण उगाच तिथे हात घालतोय, असं काहीतरी वाटलं.

चिखलाची नळी जहाजावर ओढून घेतली की ती अगदी शांत दिसते. वायू आत चिखलात विरून बसलेला असतो, ढवळलं की उसळतो. म्हणून नळीचं तोंड उघडण्याआधी सगळे मुखवटे चढवतात. आमच्या प्रमुखांनी पहिल्या दिवशी भाषण केलं नाही, एवढंच सांगितलं, "वास आला तर सावध व्हा. वास यायचा थांबला तर पळा." हा वायू वाढला की आधी नाक बधिर करतो. माणसाला वाटतं, गेला एकदाचा. मी घरून निघताना मायनं माझ्या बोटात घातलेली चांदीची अंगठी त्या पहिल्याच सफरीत काळी ठिक्कर पडली. ती मी कधी घासली नाही.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात घरी आले. वडील गेल्यापासून घरात माय आणि माझा धाकटा भाऊ, दोघंच. हातपाय धुते न धुते तोच माय मला ओढत देवघरात घेऊन गेली. तिचा आवाज खाली आला होता.

"देव काळे पडून राह्यले, बाई."

कुलदेवतेचे चांदीचे टाक खरोखरच काजळी धरल्यासारखे झाले होते. ती चिंच लावून, राखेनं घासून ते लख्ख करायची, आणि आठवडा उलटत नाही तोच ते पुन्हा काळे. घरातल्या कुणावर तरी संकट आहे, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. भावाला तिनं विहिरीवर जायची बंदी केली होती. परसातली गोबर गॅसची टाकी गाळानं भरली होती, ती उपसायचं कधीचं घाटत होतं, पण मायनं साफ सांगितलं होतं, देव उजळल्याबिगर जमिनीखाली पाय घालायचा नाही. भाऊ वैतागला होता.

मी हसले. देवघराची खिडकी परसाकडे उघडते आणि खिडकीबाहेरच टाकी आहे. टाकीवरचं लोखंडी टोपण गंजून चिरलेलं मी येतानाच पाहिलं होतं. माझी अंगठी काढून मी टाकांशेजारी ठेवली. दोन्ही एकाच रंगाचे. "हा गॅस गळतो आहे, माय. समुद्रात माझ्या अंगठीचं जे झालं, तेच तुझ्या देवांचं झालं. कुणावर संकट-बिंकट काही नाही."

हे वाक्य मी केवढ्या ऐटीत बोलले होते! भावानं मांडीवर थाप मारली. "पाह्य, माय! देव नाई रागावले. टाकी गळून राह्यली."  मायनं अंगठी उचलून माझ्या हातात परत दिली, आणि टाक पदराला पुसत बसली.

त्याच दिवशी भावानं माणसं बोलावून टोपण उतरवलं. बादल्यांनी पातळ मळी उपसून टाकली. तळाचा घट्ट गाळ राहिला. मी त्याला बजावलं की टाकी काही दिवस उघडी राहू दे, आणि मला विचारल्याशिवाय आत उतरू नको. "हो वं ताई, मले काय जीव वर आला हाय का?" तो म्हणाला. सुरुवातीला परसात उभं राहवत नव्हतं इतका वास होता. मग कमी झाला. मग गेला. गावात अशी टाकी उपसायची रीत ठरलेली आहे. वास जाईपर्यंत थांबायचं, टोपलीत कोंबडी ठेवून खाली सोडायची, ती धडधाकट वर आली की माणसानं उतरायचं. कोंबडी टोपलीत मुकाट्यानं बसून राहते. ती फावडं चालवत नाही, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

वास गेल्याच्या दुसऱ्या सकाळी मी गोठ्यात दूध आणायला गेले, तर कोपऱ्यात खताच्या रिकाम्या पिशव्या दिसल्या. जिप्समच्या. भुईमुगाला जिप्सम घालतात, पण आमच्याकडे भुईमूग नव्हताच. मी मायला विचारलं, हे कुठं टाकलं? ती म्हणाली, "पावसानं भिजून ढेकळं झाले होते. फेकून काय देतं? तुह्या भावानं शेनात कालवून टाकीत सोडलं. मळी सकस व्हते म्हने."

जिप्सम म्हणजे सल्फेटच. खाली शेणाचा मिथेन, वरून पोत्यांनी ओतलेलं सल्फेट. ज्या चिखलासाठी आम्ही जहाज घेऊन भर समुद्रात जातो, तो माझ्या भावानं परसात तयार करून ठेवला होता. माझ्या हातातलं भांडं खाली पडलं. मी टोपणाला, गंजलेल्या चिरेला दोष देऊन मोकळी झाले होते. एवढा वायू तिथे का व्हावा, हे मला विचारायचं सुचलं नव्हतं.

मी परसात धावले. कोंबडी टोपलीबाहेर येऊन माती उकरत होती. काठावर चुलतभाऊ दोर धरून उभा. शिडी आत लावलेली. खालून फावड्याचा आवाज येत होता आणि मळीचा उग्र वास भपकन वर आला.

"वर ये! आत्ताच्या आत्ता वर ये!"

भावानं मान वर केली. तोंडाला गमछा बांधला होता, डोळे हसत होते. "अवं थांब ना. मघा लय वास सुटला होता. आता पाह्य, अजिबात नाई. तुहा गॅस पळाला, ताई."

मी आयुष्यात एवढी कधी घाबरले नाही. त्याच्या हातून फावडं सुटलं. त्यानं शिडीकडे हात नेला, पण हात शिडीपर्यंत पोचला नाही. तो गुडघ्यावर बसला आणि मग कुशीवर कलंडला. आवाजसुद्धा केला नाही.

चुलतभावानं दोर टाकून शिडीवर पाय ठेवला. मी त्याच्या कमरेला मिठी मारली. त्यानं मला शिव्या दिल्या, लाथ मारली, मी सोडलं नाही. अशा टाकीत पहिल्याच्या मागे दुसरा जातो आणि दुसऱ्याच्या मागे तिसरा. "दोर ओढ!" मी किंचाळत होते. दोराचं दुसरं टोक भावाच्या काखेतून बांधलेलं होतं. ते मायनं बांधलं होतं. तो नको नको म्हणत होता, तरी उतरायच्या आधी तिनं स्वतः गाठ मारली होती. माझ्या रसायनशास्त्रावर तिचा पुरता विश्वास बसला नव्हता, म्हणून माझा भाऊ आज आहे.

माय धावत आली, आणि आम्ही तिघांनी त्याला ओढून काढलं. ओठ निळे, पण श्वास होता. मायनं त्याचा सदरा फाडला आणि कमरेकडे पाहून ती थिजली. त्याचा चांदीचा करदोडा सकाळी पांढरा होता, तो आता टाकांसारखा काळा झाला होता. जीपमधून वाशिमला दवाखान्यात नेईपर्यंत तिनं तो करदोडा मुठीत धरून ठेवला होता.

भाऊ वाचला. हसायलाही लागला. घरी आल्यावर काही दिवसांनी चुलीवर दूध उतू जाऊन करपलं, सगळं घर धुरकट वासानं भरलं, आणि तो चुलीशेजारी बसून मोबाइल बघत राहिला. त्याला तो वास आलाच नव्हता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याला कळलं की मला कळलं आहे. "मायले सांगू नको," तो म्हणाला. मी सांगितलं नाही. टाकी पुन्हा चालवायची नाही, एवढं मात्र त्याच्याकडून वदवून घेतलं आणि जहाजावर परतले.

टाकी त्यानं बुजवली. कशानं, ते मला यंदाच्या उन्हाळ्यात कळलं. आम्ही किनाऱ्यापासून लांब होतो, दुपारची वेळ होती, आणि माझ्यासमोर नुकतीच काढलेली चिखलाची नळी पडली होती. घरून फोन आला. माय इकडचं तिकडचं बोलली. ऊन फार आहे. परसातल्या काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या आहेत. टाकीत तळाच्या त्याच गाळावर सोयाबीनचं सडकं कुटार, मळणीतला भुसा, भरलं होतं आणि वर माती लोटली होती, ती माती खचून भेग थेट देवघराच्या भिंतीपर्यंत आली आहे. मग तिचा आवाज खाली आला.

"देव पुन्हा काळे पडले, बाई."

मी उभी राहिले. भावाला फोन दे म्हटलं.

"काई नाई वं ताई," तो म्हणाला. "मी रोज भेगीपाशी जाऊन पाह्यतो. वास बिलकूल नाई."

"मायला दे. माय, तुला येतो का वास?"

"येत होता ना. चांगला चार-आठ दिवस येत होता, डोकं उठे माहं. मी तं देवघरातच निजतो आता, देवापाशी. दोन दिवस झाले, नाई येत."

मी ओरडले. जहाजावरचे सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. "माय, ऊठ. त्याचा हात धर आणि दोघं घराबाहेर निघा. आत्ता. काही घेऊ नको, देवही घेऊ नको."

 माय समजुतीच्या सुरात, मी लहान असताना बोलायची तशी बोलली.

"काहून वं? वास तं गेला ना."