ऐकणाऱ्यासाठी लिहिणारी अक्का

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंगोलीत, कचेरीत एक अर्ज लिहीत होतो. माझे अर्ज तिला कधीच पसंत पडले नाहीत. “वाचनाऱ्याला दम लागंल असं काहून लिहून राहिला रे?” म्हणायची. माझी थोरली बहीण, आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावच्या शाळेतली बाई. लिहून माणूस वळवावा तर तिनंच. हे मी भाऊ म्हणून नाही, तिच्याशी वाद घालून कायम हरलेला माणूस म्हणून सांगतो.

आम्ही साखरा गावचे, मेंढरंवाले. दिवाळी झाली की दादा, म्हणजे आमचे वडील, कळप घेऊन निघायचे ते पावसाळ्याच्या तोंडाशी परतायचे. त्यांना वाचता येत नव्हतं. पत्र मुक्कामाच्या गावातल्या दुकानदाराकडे जाई आणि तो ते सोबतच्या साऱ्या मेंढपाळ बिऱ्हाडांसमोर मोठ्यानं वाचून दाखवी. नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारावी झालेल्या अक्काला शिक्षिका व्हायचं होतं आणि घरात तिच्या लग्नाचं घाटत होतं. तिनं दादांना, शाळेत शिकवतात तसं लांबलचक, अलंकारिक पत्र धाडलं. उलट निरोप आला, “कागद लई चांगला व्हता. काम काय, ते कळलं न्हाई.”

आम्ही पोट धरून हसलो. अक्का हसली नाही... प्रवेशाची मुदत संपत आली होती. तिनं पुन्हा लिहिलं, या खेपेला एकेक ओळ मोठ्यानं म्हणून बघत. “दादा, मेंढरांच्या औषधावरचं कोण वाचतं? मी. मामाच्या पत्राला उत्तर कोण लिहितं? मी. मग हे पत्र तुम्हाला परक्यानं काहून वाचून दाखवावं? एवढ्या बिऱ्हाडांत वाचणारं एकही माणूस काहून न्हाई? मला शिकू द्या. मी साऱ्यांना शिकवते.”

दादा जीपनं घरी आले ते तणतणतच. “चार लोकांत इचारलंस पोरी. आता न्हाई कसं म्हनू?”

अक्कानं शब्द पाळला. नोकरी लागल्यावर सुट्टीत ती मुक्कामावर जाऊन राहायची आणि पाटी घेऊन बसायची. पहिले विद्यार्थी दादाच. चिडायचे, पण बसायचे. मला तिचा फार अभिमान वाटतो.

परवा इथवर लिहिलेला हा लेख मी गोरेगावला, तिच्या खोलीत दादांसमोर ठेवला. वाचून दाखवू लागलो तर त्यांनी कागद ओढून घेतला. ओळीखाली बोट धरून, मोठ्यानं, सावकाश वाचू लागले. मथळ्यातल्याच “अक्का” या शब्दापाशी थांबले. तो पुन्हा वाचला... आणखी एकदा वाचला. बोट तिथून पुढे सरकलं नाही.