भाऊजींची कंबर

भाऊजींची जिरवायची, हे मी वॉलॉंगॉंगहून निघालेल्या ट्रेनमध्येच ठरवलं होतं.

तिथल्या युनिव्हर्सिटीत, म्हणजे आमच्या युनिमध्ये, मी व्यायामशास्त्र शिकत होते. तेव्हा आमच्यासारखी पोरं विमानं भरभरून ऑस्ट्रेलियात उतरत होती आणि प्रत्येकाच्या आईबाबांना इथे कुणीतरी लक्ष ठेवणारं हवं होतं. माझ्यावर लक्ष ठेवायला केलीव्हिल नावाच्या उपनगरात मावसबहीण होती आणि तिचे हे आयटीवाले नवरोजी. दर रविवारी ताईकडे जेवायला जायचं, ही बाबांची अटच होती. जेवणाआधी भाऊजी बाथरूममधला वजनकाटा हॉलमध्ये आणून मला पाहुण्यांसमोर त्यावर उभं करायचे. मग परदेशी फोनसाठीच्या कॉलिंग कार्डवरून पुण्याला बाबांना फोन, तोही स्पीकरवर. "काका, एकाहत्तर किलो! फिटनेस शिकायला आली आणि स्वतःच फुगली हो!" सगळे खो खो हसायचे. ताई आत पोळ्या लाटत राहायची.

माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी पाच फूट आठ इंच उंच, रोज जिममध्ये वजनं उचलणारी. जे काही वाढलं होतं ते मांड्यांत आणि खांद्यांत होतं. पण काट्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही, आणि भाऊजींना तर त्याहून नाही. मागच्या रविवारी बाबा गंभीरपणे म्हणाले होते, "ही सेमिस्टर संपली की परत ये. पुरे झालं." म्हणजे या माणसाच्या टवाळीपायी माझं शिक्षण बुडणार! अख्ख्या प्रवासात मी दातओठ खात बसले होते.

त्या दिवशी मी काट्यावर चढलेच नाही. बॅगेतून मोजायची टेप काढली.

"युनिची असाइनमेंट आहे. आधी भाऊजी."

असाइनमेंट खरीच होती, दहा माणसांची उंची आणि कंबर मोजायची. पहिला माणूस तेवढा मी मुद्दाम निवडला होता.

"माझं काय मोजतेस? चौतीस! कॉलेजपासून तीच पँट, विचार ताईला."

आपल्याकडच्या पुरुषांची ही गंमतच आहे. पोट सुटतं तशी पँट खाली खाली सरकते, पोट पट्ट्यावरून बाहेर येतं आणि साइज आपली चौतीसची चौतीस.

"कंबर पँटवर नाही मोजत. शर्ट वर करा."

पाहुणे बघत होते, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. मी त्यांची शेवटची बरगडी चाचपली, खुब्याचं हाड चाचपलं आणि दोन्हींच्या मधोमध टेप गुंडाळली. त्यांनी लगेच पोट आत ओढलं.

"श्वास सोडा, भाऊजी."

चेहरा लालबुंद झाला तरी सोडेनात. मला कुठे घाई होती! शेवटी सोडला.

"एकशे चार सेंटिमीटर," मी खणखणीत आवाजात वाचलं. "तुमची उंची एकशे सत्तर. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी, म्हणजे पंच्याऐंशीच्या आत. माझी अठ्ठ्याहत्तर आहे, निम्म्याहून बरीच कमी."

कुणी हसलं नाही. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

"आता बाबांना फोन लावा. माझा आकडा दर रविवारी सांगता ना? आज तुमचा सांगा."

ते जागचे हलले नाहीत. तेवढ्यात ताई पिठाच्या हातांनी बाहेर आली, कार्डाचा तो लांबलचक नंबर तिनेच दाबला आणि स्पीकरही लावला. मी बाबांना सगळं सांगितलं, एकशे चारसकट.

बाबांनी विचारलं, "उंचीच्या निम्मी?"

"हो, बाबा."

"थांब हं."

पलीकडे ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. आई शिवणाची टेप शोधत होती. मग तिचाच आवाज आला, "अहो, पोट सैल सोडा की!" बाबा पुन्हा फोनवर आले. आकडा त्यांनी सांगितला नाही आणि मीही विचारला नाही.

"हे सगळं तिथे शिकवतात?"

"हो."

"मग पूर्ण करूनच ये." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "आणि मी आता काय करू, ते सांग."

टेप अजून भाऊजींच्या पोटाभोवतीच होती.

"सोड ना आता," ते कुजबुजले.

"थांबा," मी म्हटलं, आणि बाबांना पहिल्यापासून, सावकाश, नीट समजावून सांगायला लागले.